रिकाम्या किल्लीचं प्रकरण

१

चोरी झाली होती, आणि चोरीला गेलेली वस्तू जागच्या जागी होती.

बिबवेवाडीतल्या पारिजात सोसायटीच्या तळमजल्यावर उत्कर्षाची कंपनी होती. (सोसायटीतला पारिजातक बिल्डरच्या नकाशात होता आणि तिथेच राहिला.) कंपनी एकच वस्तू बनवायची, 'जवारी' नावाचा प्लगइन. प्लगइन म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायचा एक छोटा प्रोग्रॅम. तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवला की तार जशी गुंजायला लागते, तशी गुंज हा प्रोग्रॅम कुठल्याही आवाजाला देई. गिटारला देई, व्हायोलिनला देई. उत्कर्षाचा भागीदार श्रीनिवास याने एकदा गंमत म्हणून ती कुकरच्या शिट्टीला दिली, तेव्हा समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी खिडकीतून राग कोणता म्हणून विचारलं होतं.

ही गुंज गणितात पकडायला श्रीनिवासला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त वेळ एका परदेशी कंपनीची मर्जी सांभाळण्यात गेला. मोठमोठ्या स्टुडिओंत जे सॉफ्टवेअर चालतं, ते या कंपनीचं. त्यात शिरायचं तर प्लगइन तिच्या मापाने नव्याने शिवायचा, आणि वर त्याच्यावर डिजिटल सही करायची. सही नसेल तर ते सॉफ्टवेअर प्लगइनला ओळखसुद्धा दाखवत नाही. सही करायला कंपनीने पाठवलेली, बोटाच्या पेराएवढी यूएसबी किल्ली कॉम्प्युटरला लावावी लागते. सहीचा हक्क त्या किल्लीच्या पोटात असतो.

दसऱ्याची सुट्टी संपली. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सही केलेला 'जवारी' पाठवला तर तो कंपनीच्या जागतिक प्रदर्शनात लागणार होता. सह्यांचं काम दीक्षाकडे होतं. शुक्रवारी सकाळी नागपूरहून परत आल्या आल्या तिने सहीचा हुकूम दिला आणि पडद्यावर उत्तर आलं: या किल्लीत सहीचा हक्क नाही.

किल्ली मशीनला लावलेली होती. तिचा दिवा हिरवागार पेटलेला होता. फक्त ती रिकामी होती.

"खात्यात जाऊन बघ ना, हक्क कुठे गेला ते," उत्कर्षा म्हणाली.

"खातं उघडायला हक्क असलेली किल्लीच लागते," दीक्षा म्हणाली.

"आणि किल्लीत हक्क का नाही, हे कुठे कळतं?"

"खात्यात."

परदेशी कंपनीच्या मदत विभागाला निरोप धाडला. आपला निरोप आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं तत्काळ उत्तर आलं. त्यापुढे काही आलं नाही.

 उत्कर्षा आवाज न चढवता म्हणाली, "एका किल्लीतला हक्क काढून दुसऱ्या किल्लीत घालता येतो. त्याला पासवर्ड लागतो. पासवर्ड फक्त तुला माहीत आहे, दीक्षा. आणि बंगळुरूच्या कंपनीने तुला बोलावलंय, हे तूच मला सांगितलंस."

"मी नाही म्हणून कळवलंय त्यांना."

"ते मला कसं कळणार?"

संध्याकाळी सहापर्यंत हक्क सापडला नाही तर परदेशी कंपनीकडे दीक्षाच्या नावाने तक्रार जाणार, असं ठरलं. ती गेली की दीक्षाचं नाव सह्या करणाऱ्यांच्या यादीतून कायमचं बाद. मग या धंद्यात तिच्या हाती कोणी किल्ली देणार नव्हतं. तक्रार लिहूनही झाली होती. सहीचाच काय तो प्रश्न होता.

२

दीक्षा त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर दुर्गाबाईंकडे पेइंग गेस्ट होती. दुर्गाबाई सरकारी विमा कंपनीतून सर्वेयर म्हणून निवृत्त झालेल्या. जळालेल्या गोदामांत, बुडालेल्या तळघरांत उभं राहून "नक्की काय गेलं?" एवढाच प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला, आणि तेवढ्यावर कित्येक व्यापाऱ्यांचा रक्तदाब वाढवला. आता त्या सोसायटीच्या सेक्रेटरी होत्या. हे काम त्यांना त्या मानाने सोपं जाई.

दीक्षाने नागपूरहून आणलेल्या संत्रा बर्फीचा पुडा टेबलावर ठेवला आणि पुड्याशेजारी डोकं ठेवून रडू लागली.

"बर्फी भिजेल," दुर्गाबाई म्हणाल्या आणि पुडा बाजूला सरकवला. मग खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. "बोल."

दीक्षाने सगळं सांगितलं. "काकू, मी नाही केलं हो."

"सगळे असंच म्हणतात. ज्यांनी केलेलं असतं ते जरा जोरात म्हणतात. तू हळू म्हणालीस, हे त्यातल्या त्यात बरं. जायच्या आधी किल्ली कुठे होती?"

"मशीनला. मी शेवटची सही केली, ती चालली. मग सुट्टी सांगून निघाले. दसऱ्याला आम्ही दीक्षाभूमीवर जातोच. आई-बाबा भंडाऱ्याहून येतात, मी इथून जाते. लहानपणापासूनचं आहे."

"ते मला माहीत आहे. मागच्या वर्षी मला घेऊन जाते म्हणालीस आणि तिकीट काढलंच नाहीस."

"तुम्हीच गुडघ्याचं कारण काढलंत."

"मुद्द्यावर ये. अशी किल्ली आणखी कोणाकडे आहे?"

"सुदर्शनरावांकडे. वारज्याचे, आपले रेकॉर्डिस्ट. पण त्यांच्या किल्लीत सहीचा हक्क नाही. ते मोठं सॉफ्टवेअर चालवायचं लायसन्स आहे तिच्यात, त्याचे पैसे आपली कंपनी भरते. प्लगइन तपासायचा झाला की आम्ही त्यांच्याकडेच जातो. दोन्ही किल्ल्या दिसायला अगदी सारख्या, म्हणून मी आपलीवर लाल मार्करने ठिपका दिला होता."

दुर्गाबाई उठल्या. "हे तू खाली सांगितलंस?"

"मला कोणी विचारलंच नाही."

दोघी खाली आल्या. मशीनच्या खोलीत एसी इतका जोरात होता की दुर्गाबाईंनी पदर कानावर घेतला. त्यांनी कोणालाही न विचारता किल्ली उपसली, चष्मा कपाळावर चढवला आणि ती डोळ्यांपाशी धरून उलटसुलट फिरवली.

किल्ली कोरी होती. ठिपक्याचा मागमूस नव्हता.

३

"म्हणजे ही आपली नाहीच!" दीक्षा जवळजवळ ओरडली. "कोणीतरी बदलली!"

कोपऱ्यात श्रीनिवास तंबोरा मांडीवर घेऊन बसला होता. काळजी वाटली की तो तंबोरा लावायचा, आणि लागलेला तंबोरा पुन्हा उतरवून पुन्हा लावायचा.

"ठिपका?" तो म्हणाला. "तो मी पुसला."



"का पुसलास रे?" दुर्गाबाईंनी अशा मायेने विचारलं की जुने व्यापारी ऐकते तर घाबरले असते.

"दसऱ्याला याच खोलीत पूजा केली ना आपण. लॅपटॉप, माईक, हेडफोन, झालंच तर किल्ल्या. सुदर्शनरावही त्यांची किल्ली घेऊन आले होते. उत्कर्षाने सगळ्याला गंध-कुंकू लावलं. आता मला सांगा काकू, कुंकू यूएसबीत गेलं तर काय होईल? काँटॅक्ट खराब होतात. तसं केळ्यावर लावा, नारळावर लावा, माझी काही हरकत नाही. म्हणून पूजा उठल्यावर मी स्पिरिट घेतलं आणि सगळ्या वस्तू चकाचक केल्या."

"दोन्ही किल्ल्या?"

"दोन्ही. एकीचं लगेच निघालं. दुसरीचं मात्र निघता निघेना. मला वाटलं, गेल्या वर्षीचं कुंकू सुकून बसलंय. चांगलं घासून काढलं." त्याच्या आवाजात अभिमान होता.

दीक्षाने डोळे मिटून घेतले.

"मग दोन कोऱ्या किल्ल्यांतली आपली कोणती, हे तुला कसं कळलं?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"मी काय वेडा आहे? पूजेला ठेवतानाच बघून ठेवलं होतं. ताटात डावीकडची आपली, उजवीकडची सुदर्शनरावांची. आरती झाली, मी पुसून त्याच जागी ठेवल्या, डावी मशीनला लावली आणि उजवी त्यांच्या हातात दिली. माझी काही चूक नाही झाली."

श्रीनिवासला या किल्ल्यांचा मनापासून राग होता, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. आपल्या प्रोग्रॅमवर परक्याच्या परवानगीने सही करायची हे त्याला भिकेसारखं वाटे. 'जवारी' फुकट वाटून टाकू, असं तो महिन्यातून एकदा तरी म्हणायचा. हक्क नाहीसा झाला तर त्याच्याच मनासारखं होणार होतं. दुर्गाबाईंनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. तो तंबोऱ्याची तार उतरवत होता.

"एक फोन केला की निकाल लागेल," उत्कर्षा दारातून म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली होती कोणास ठाऊक. तिचे डोळे दीक्षासारखेच लाल दिसत होते. "अदलाबदल झाली असेल तर सुदर्शनरावांचं सॉफ्टवेअर बंद पडलं असणार. आपल्या किल्लीत त्यांचं लायसन्स नाही."

तिने फोन स्पीकरवर टाकला.

४

"नमस्कार, नमस्कार!" सुदर्शनरावांचा आवाज खोलीभर पसरला. "बोला उत्कर्षाताई. सगळं क्षेम ना?"

सुदर्शनराव मूळचे अकोल्याचे. निम्मं आयुष्य पुण्यात काढूनही त्यांचं सौजन्य गेलं नव्हतं. दुकानदाराने वस्तू नाही म्हणून सांगितलं तरी ते त्याचे आभार मानत.

"सुदर्शनराव, तुमची किल्ली नीट चालतेय ना? सॉफ्टवेअर उघडतंय?"

किंचित थांबून उत्तर आलं. "उत्तम! अगदी उत्तम चाललंय हो. काही काळजी करू नका तुम्ही. होतं सगळं नीट हळूहळू."

फोन बंद झाला. उत्कर्षा दीक्षाकडे न बघता म्हणाली, "झालं. त्यांची किल्ली त्यांच्याकडे आहे. म्हणजे ही आपलीच, आणि हिच्यातला हक्क काढून घेतलेला आहे. काकू, मला हे आवडत नाहीये. पण मी सहाला तक्रार पाठवणार."

 दीक्षा आपल्या टेबलाशी गेली आणि खण रिकामा करू लागली. तिची ती बिनआवाजी आवराआवर उत्कर्षाला बघवेना. ती बाहेर पार्किंगमध्ये गेली.

दुर्गाबाई चपला घालत होत्या.

"कुठे निघालात?" श्रीनिवासने विचारलं.

"वारज्याला."

"पण ते म्हणाले ना, उत्तम चाललंय!"

"विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की मी विश्वास ठेवते," दुर्गाबाई म्हणाल्या. "न विचारलेल्याचं मिळालं की रिक्षा करते. काळजीबद्दल त्यांना कोणी विचारलं होतं का?"

५

सुदर्शनरावांचा स्टुडिओ म्हणजे त्यांच्या फ्लॅटमधली आतली खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या होत्या. सौ. झोपायच्या कुठे, असा प्रश्न पाहुण्याला पडे.

काचेपलीकडे यमुनाबाई नावाच्या वयस्कर गायिका जात्यावरच्या ओव्या गात होत्या. सुदर्शनरावांनी दुर्गाबाईंना खूण करून बसवलं, पाण्याचा पेला दिला, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि आवाजाला त्रास होतो म्हणून बंद केला.

ओवी रंगात आली होती. आवाजात ऊन होतं, पीठ होतं. आणि एकाएकी सुदर्शनरावांनी हात वर केला. यमुनाबाई शब्दाच्या मधोमध थांबल्या. चहाचा एक घोट घेतला. सुदर्शनरावांनी पडद्याकडे बघत हात खाली केला. यमुनाबाईंनी तोच शब्द उचलला.

थोड्या वेळाने पुन्हा हात वर झाला. पुन्हा घोट झाला. मग तिसऱ्यांदा तेच.

दुर्गाबाईंना संगीतातलं फारसं कळत नव्हतं, पण गाणारा माणूस शब्दाच्या मधोमध चहा घेत नाही एवढं त्या जाणून होत्या. यमुनाबाई बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "मध्येच का हो थांबता?"

"मी कुठं थांबते? हे थांबवतात," यमुनाबाई कौतुकाने म्हणाल्या. "म्हणाले, श्वासाला विश्रांती पाहिजे. आधी नव्हते असं करत. दसऱ्यापासून लई जपायला लागलेत मला. फक्त चहा पिऊन पिऊन झोप उडालीय."

यमुनाबाई गेल्या. सुदर्शनराव वायरी गुंडाळू लागले. गुंडाळलेली वायर त्यांनी सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

"सुदर्शनराव," दुर्गाबाई शांतपणे म्हणाल्या, "लायसन्स नसेल तर ते सॉफ्टवेअर काय करतं हो?"

वायर हातातून पडली.

"नमुना म्हणून चालतं," ते खाली बघत म्हणाले. "पण मधून मधून गप्प होतं. थोडा वेळ आवाज घेतच नाही. मग परत घेतं."

"म्हणजे तुम्ही आम्हाला धडधडीत खोटं सांगितलंत."

सुदर्शनरावांनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर चोराची भीती नव्हती. ज्याच्या घरी मयत झालीय त्याला भेटायला आलेल्याचा संकोच होता.

"ते मी कोणालाच सांगणार नव्हतो," ते म्हणाले.

६

उत्कर्षाने तक्रार पडद्यावर उघडून ठेवली होती. 'पाठवा'च्या बटणावर बोट नेऊन ते ती परत घेत होती. दीक्षा पिशवी खांद्याला लावून दाराशी उभी होती. दुर्गाबाई आत आल्या. त्यांच्यामागून हेल्मेट हातात घेऊन, सभागृहात उशिरा आल्यासारखे वाकत, सुदर्शनराव आले.

"हेल्मेट ठेवा आणि सांगा," दुर्गाबाई म्हणाल्या.

"ताई, राग मानू नका." सुदर्शनरावांनी घसा साफ केला. "दसऱ्याला पूजेच्या वेळी तुम्ही डोळे पुसत होता. मला वाटलं, कंपनी बंद करायची वेळ आलीय. दुसऱ्याच दिवशी माझी किल्ली चालेना. म्हटलं, ताईंनी लायसन्स बंद केलं असणार, आणि सांगायला जड जात असणार. आपण कशाला विचारून लाजवायचं? म्हणून यमुनाबाईंना चहा पाजत काम रेटलं."

"मी रडत नव्हते हो!" उत्कर्षा म्हणाली. "धूप डोळ्यांत गेला होता!"

"म्हणजे त्यांची किल्ली दसऱ्यापासून चालत नाही," दुर्गाबाई म्हणाल्या. "आणि आपलीही दसऱ्यापासूनच. दोन किल्ल्या एकाच दिवशी आजारी पडत नाहीत. त्यांची अदलाबदल होते."

"शक्य नाही," श्रीनिवास म्हणाला. "डावी-उजवी मी नीट लक्षात ठेवली होती!"

"तू ठेवलीस. ताटाने ठेवली का? उत्कर्षा, मगाशी या खोलीत मी पदर कानावर घेतला तो एसीच्या झोतामुळे. या वाऱ्यात निरांजन टिकलं कसं?"

 उत्कर्षा अगदी हळू म्हणाली, "विझायला लागलं होतं. म्हणून मी ताट फिरवलं. ज्योत भिंतीच्या बाजूला येईल असं."

"आणि त्याबरोबर डावं उजवीकडे आलं."

श्रीनिवासच्या हातातला तंबोरा आपणहून वाजल्यासारखा झाला.

"नक्की काय गेलं, हे आधी विचारायचं असतं," दुर्गाबाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "गेली फक्त एक खूण. श्रीनिवासने ती स्वच्छतेपायी पुसली, तू ताट भक्तीपायी फिरवलंस, आणि यांनी सौजन्यापायी तोंड मिटून घेतलं. तिघांनी मिळून चोरी केलीत आणि तिघांनाही पत्ता नाही. पुण्यात एक माणूस चांगलं वागला की किती गोंधळ होतो बघा. आणि ज्या एकटीने खूण करून ठेवली होती, ती त्या दिवशी इथे नव्हतीच. म्हणून तुम्ही तिला धरलंत. हजर नसलेला माणूस धरायला सोपा पडतो."

सुदर्शनरावांनी खिशातून किल्ली काढली. कोणाला द्यावी ते त्यांना कळेना. उत्कर्षाने ती घेतली, दाराशी गेली आणि दीक्षापुढे धरली.

"दीक्षा, मी..." एवढंच तिला बोलता आलं.

दीक्षाने लगेच हात पुढे केला नाही. "मॅडम, पासवर्ड मलाच माहीत होता, म्हणून संशय माझ्यावर आला. ते मी समजू शकते. पण मी परत येऊन पहिली सही करायला बसले होते. चोराने तसं केलं असतं का? एवढं तरी मनात यायला पाहिजे होतं."

"यायला पाहिजे होतं," उत्कर्षा म्हणाली. मग ती टेबलाशी गेली आणि सगळ्यांच्या देखत तक्रार खोडून टाकली. "यापुढे पासवर्ड दोघींना माहीत असेल. संशय आला तर माझ्यावरही येईल."

दीक्षाने पिशवी खाली ठेवली. किल्ली मशीनला लावली. हुकूम दिला. पडद्यावरची पट्टी सरकत सरकत टोकाला गेली आणि 'जवारी'वर सही झाली. प्रदर्शनाला जायची वेळ अजून टळली नव्हती. फाइल रवाना झाली, तेव्हा सुदर्शनरावांनी कॉम्प्युटरला नमस्कार केला.

श्रीनिवासने काहीही न बोलता तंबोऱ्याच्या तारेखालचा रेशमी दोरा ओढून काढला, दीक्षाच्या किल्लीला बांधला आणि दोन गाठी मारल्या. जवारीचा दोरा त्याने आजवर कोणाला हातही लावू दिला नव्हता. "हा स्पिरिटने जात नाही," तो म्हणाला.

तेवढ्यात परदेशी कंपनीच्या मदत विभागाचं उत्तर आलं. आपली अडचण आम्हाला समजली आहे. ती सोडवण्यासाठी कृपया किल्ली लावून आपलं खातं उघडावं.

दुर्गाबाईंनी वरून संत्रा बर्फीचा पुडा आणून फोडला. सुदर्शनरावांनी तीनदा नको म्हणून दोन वड्या घेतल्या. उत्कर्षाने हातातली वडी तशीच धरून विचारलं, "पुढच्या दसऱ्याला... किल्ली पूजेला ठेवायची की नाही?"

सगळ्यांनी दीक्षाकडे पाहिलं.

"ठेवा की," ती म्हणाली. "मी तेव्हाही नागपूरलाच असेन. आणि काकूंचं तिकीट बुकिंग उघडेल त्याच दिवशी काढणार, गुडघ्याचं कारण चालणार नाही. फक्त कुंकू नको, मी ठिपका पुन्हा लालच देणार आहे. हळद लावा."